शेपटीवरचा नंबर कुणाचा?

२६ सप्टेंबर २०२५ला तुमच्या स्टेटसवर काय होतं, आठवतंय? त्या दिवशी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला हवाई दलानं निरोप दिला. १९६३ साली याच चंदीगडमध्ये ते दाखल झालं होतं. बासष्ट वर्षं नोकरी करून ते रिटायर झालं.

माझ्या फोनमध्ये त्या दिवशी दोनच प्रकारचे स्टेटस होते. एक, ‘आकाशाच्या राजाला सलाम’. दोन, ‘उडती शवपेटी अखेर गेली, सुटलो’. एका सलामाखाली तर चक्क सुखोईचा फोटो होता. खाली चाळीस बदाम. चोवीस तासांनी दोन्ही स्टेटस आपोआप पुसले गेले आणि दुसऱ्या दिवशी आपण सगळे पुढच्या विषयाकडे वळलो.

हसू नका, मीही त्यांतलीच. फरक एवढाच, की त्या दिवशी माझ्या टेबलावर वीतभर लांबीचं, अर्धवट जोडलेलं, पंखाला रबरबँड लावलेलं एक मिग-२१ पडून होतं. तीन महिने मी त्याच्याशी झटापट करत होते. मला ना सलाम लिहिता आला, ना शवपेटी. कारण तोवर त्या वीतभर प्लास्टिकनं मला इतके प्रश्न विचारून झाले होते, की एका ओळीत काही लिहिणं म्हणजे खोटं बोलणं वाटायला लागलं होतं.

म्हणून आज थेट सांगते. कॉलेज संपायच्या आत एकदा तरी एखादं विमान स्वतःच्या हातानं बनवा. ‘हॉबी असावी, मन शांत होतं’ या छापाचा हा सल्ला नाही. माझं तरी मन शांत वगैरे काही झालं नाही, उलट शिव्या जास्त आल्या. बनवा ते यासाठी, की ज्या गोष्टीबद्दल आपण दोन सेकंदांत मत देतो, तिच्याबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे हे त्याशिवाय कळत नाही.

बहात्तर पट लहान

आधी हे खेळणं आहे हा गैरसमज काढून टाकू. खेळण्यातलं विमान कुठल्याही मापाचं असतं, पंख जाड, चाकं मोठी. स्केल मॉडेलला हिशेब असतो. सगळ्यात जास्त चालणारं माप १/७२. म्हणजे मॉडेलवरचा एक इंच हे खऱ्या विमानावरचे सहा फूट. मिग-२१चा पंखविस्तार ७.१५ मीटर, तो मॉडेलवर दहा सेंटिमीटरला थोडासा कमी भरतो. तुमच्या फोनपेक्षाही कमी रुंदी. मोठं हवं असेल तर १/४८चं माप आहे, त्यात तोच पंख पंधरा सेंटिमीटर होतो.

हे माप काही फक्त छंदवाल्यांचं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अमेरिकेच्या नौदलानं देशातल्या शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेल्स मागवली होती. लाकडाची, काळ्या रंगाची आणि याच १/७२ मापाची. आकाशात दिसणारा ठिपका आपला की शत्रूचा, हे ओळखायला सैनिकांना आणि टेहळणी करणाऱ्यांना शिकवायचं होतं. गणित सोपं आहे. हे मॉडेल दहा मीटरवरून जेवढं दिसतं, तेवढंच खरं विमान ७२० मीटरवरून दिसतं. चुकीचं मॉडेल म्हणजे आपल्याच विमानावर गोळी. तुमच्याएवढ्या, किंबहुना तुमच्यापेक्षा लहान पोरांनी कानशी मारून तयार केलेल्या त्या तुकड्यांवर कुणाचा तरी जीव अवलंबून होता.

आजची किट्स प्लास्टिकची असतात. मिग-२१ची किट्स रशियाची झ्वेझ्दा, झेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड अशा कंपन्या काढतात. डबा उघडला की राखाडी प्लास्टिकच्या चौकटी निघतात आणि त्यांना विमानाचे तुकडे लटकलेले असतात. सोबत नकाशासारखी एक पुस्तिका आणि चिन्हांचा एक कागद. इतकंच. पहिल्या दिवशी वाटतं, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. माझंही वाटून झालं.

हात काळे करा

पहिला धडा गोंदाचा. आपल्याकडे काहीही तुटलं की फेविक्विक. मॉडेलला वेगळा गोंद लागतो, त्याला प्लास्टिक सिमेंट म्हणतात. तो चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतो. दोन्ही कडा थोड्या वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि मग सुकून एक होतात. वेल्डिंगच म्हणा ना. त्यामुळे आधी गोंदाशिवाय जोडून बघायचं, पुन्हा बघायचं, घासायचं, पुन्हा बघायचं. एकदा गोंद लागला की माघार नाही. आणि कॉकपिटच्या काचेजवळ फेविक्विक अजिबात न्यायचं नाही. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते आणि आत बसवलेला पायलट धुक्यात हरवतो. काचेला शाळेतला साधा पांढरा फेविकॉल. सुकला की दिसतही नाही.

दुसरा धडा वजनाचा. मिग-२१ला तीन चाकं, एक पुढे, दोन मागे. मॉडेल आतून पोकळ, त्यामुळे ते शेपटीवर बसतं आणि नाक वर करून आपल्याकडे बघत राहतं. म्हणून दोन्ही अर्धे जोडायच्या आधीच नाकात वजन भरावं लागतं. मी सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे छर्रे आणले. तिथल्या काकांनी विचारलं, ‘कुठली सायकल?’ मी म्हटलं, ‘विमान आहे.’ त्यांनी पैसे घेतले नाहीत, माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं.

नाकात छर्रे भरताना तिसरी गोष्ट कळली. मिग-२१च्या तोंडात तो जो टोकदार शंकू दिसतो ना, तो शोभेचा नाही. विमान आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं जात असताना हवा तशीच आत शिरली तर इंजिनाला ती झेपत नाही. शंकूमुळे हवेत धक्कालहरी तयार होतात आणि इंजिनापर्यंत पोहोचेतो हवेचा वेग उतरतो. वेगाप्रमाणे हा शंकू पुढे-मागे सरकतो. आणि त्याच्याच पोटात रडार बसवलेलं. म्हणजे रडार केवढं असावं, हे त्या शंकूच्या जाडीनं ठरवून टाकलेलं. मोठं रडार हवं तर मोठं तोंड हवं, मोठं तोंड हवं तर वेगळं विमान हवं. इंजिनीअरिंगवाल्यांनो, ‘ट्रेड-ऑफ’ हा शब्द व्हायव्हात पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा हा शंकू एकदा बोटात धरून बघा.

चौथा धडा रंगाचा, आणि इथे माझा माज उतरला. जुलै महिना, नाशिकचा पाऊस, गॅलरीत उभं राहून मी स्प्रेचा डबा फवारला. सकाळी बघते तर चंदेरी विमानावर बुरशी चढल्यासारखा पांढरट थर. हवेत दमट असताना असे रंग फवारले की ओलावा रंगात अडकतो आणि रंग धुरकटतो, हे नंतर कळलं. सगळं पुन्हा घासलं. चारशेचा पॉलिश पेपर, मग आठशेचा, मग हजाराचा, तोही पाणी लावून. दुसऱ्यांदा रंग दिला तेव्हा घाई केली आणि पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. आधार कार्डापेक्षा स्पष्ट.

तिसऱ्यांदा रंग जाड बसला. जाड म्हणजे किती? समजा, एक दशांश मिलिमीटर. पण बहात्तरनं गुणा. खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा थर झाला! एवढा रंग फासलेलं विमान कुठे असतं का? या छोट्या गुणाकारानं माझी सवयच बदलली. मॉडेलवर अर्धा मिलिमीटरचा ओरखडा मारला, तर खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटरची भेग. ‘थोडंसंच चुकलंय’ असं म्हणायची सोय राहत नाही. छोट्या मापात केलेली चूक छोटी नसते.

चिन्हं लावायची तीही रंग पूर्ण सुकल्यावर, आणि आधी एक चकचकीत थर देऊन. खरखरीत पृष्ठभागावर चिन्हांच्या खाली हवा अडकते आणि ती चंदेरी चमकते. कोमट पाण्यात कागद बुडवायचा, चिन्ह अलगद सरकवायचं, बोटानं नाही, ओल्या ब्रशनं. बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा असं हवाई दलाचं वर्तुळ पंखावर बसलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. शेवटी शेपटीवर नंबर लावला. कागदावर चार-पाच पर्याय होते. त्यातला जो दिसायला बरा वाटला, तो लावून टाकला.

मामाचा प्रश्न

माझा मामा ओझरच्या कारखान्यात होता. ओझर म्हणजे नाशिकजवळचं, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं. १९६४ साली हा कारखाना मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. मामा पुढे ओव्हरहॉलला होता. म्हणजे ठरावीक तास उडून आलेलं विमान पूर्ण उघडायचं, एकेक भाग तपासायचा, बदलायचा आणि पुन्हा जोडायचं.

तयार मॉडेल मी त्याला दाखवायला नेलं. अपेक्षा अर्थातच शाबासकीची. त्यानं चष्मा लावला, विमान तळहातावर घेतलं, उजेडात धरलं.

‘अगं, काच डावीकडे उघडलीस?’

मी म्हटलं, ‘मग?’

‘बिसची काच उजवीकडे उघडते. शिडी डावीकडे लागते. पायलट चढणार कुठून?’

मी मॉडेल ‘बिस’ या प्रकाराचं बनवलं होतं, हे त्यानं शेपटीजवळचा फुगवटा बघूनच ओळखलं होतं. मी तो डब्यावर वाचला होता. मग त्यानं विमान फिरवलं आणि शेपटीवर बोट ठेवलं.

‘हा नंबर कुणाचा?’

‘कुणाचा म्हणजे? किटमध्ये होता.’

‘असाच लावलास?’

तो रागावला नव्हता. पण त्यानं विमान खाली ठेवलं. मग म्हणाला, ‘आमच्याकडे अपघाताची बातमी आली ना, की जेवणाच्या सुट्टीत कुणी पत्ते काढायचं नाही. कुणी काही बोलायचं नाही. एकच विचारायचे, नंबर काय? नंबर कळला की प्रत्येक जण मनात आठवायचा, हे आपल्या हाताखालून गेलेलं का. तू म्हणतेस असाच लावला.’

मी घरी आले आणि दोन दिवस त्या विमानाला हात लावला नाही. तीन महिने मी रंगाच्या जाडीचा हिशेब करत होते आणि ज्या एका गोष्टीमुळे ते विमान खऱ्या जगातलं होतं, ती मी ‘बरी दिसते’ म्हणून निवडली होती. स्टेटसला सुखोईचा फोटो लावणाऱ्या पोरात आणि माझ्यात मग फरक काय?

नंबरामागचं

तेव्हापासून मी उलटं शिकायला लागले. आधी नंबर, मग विमान. कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठल्या वर्षीचं, कुठल्या तळावरचं? आणि एकेक उत्तर सापडत गेलं तसे ते दोन्ही स्टेटस माझ्या हातात मोडून पडले.

‘आकाशाचा राजा’ घ्या. १९७१च्या १४ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट्स डागली. त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर ए. एम. मलिक यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्य शरण आलं. गंमत अशी, की हे विमान मुळात अशा कामासाठी बनलंच नव्हतं. उंचावरून येणाऱ्या बॉम्बफेक्या विमानांना झपकन गाठायचं, हे त्याचं काम. त्या काळी आपल्याकडे असलेल्या ‘एफएल’ प्रकारात तर विमानाच्या अंगात तोफच नव्हती, ती पोटाखाली वेगळी टांगावी लागायची. म्हणजे मॉडेल १९७१च्या एफएलचं असेल तर तोफ बाहेर टांगलेली, काच पुढच्या बाजूला बिजागरी असलेली. बिसचं असेल तर तोफ अंगात आणि काच उजवीकडे उघडणारी. ‘मिग-२१’ नावाचं एकच विमान नव्हतंच. बासष्ट वर्षांत ते कितीदा बदललं. राजा कुठला, ते तरी सांगा.

आता ‘शवपेटी’ घ्या. आकडे खरे आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की तोवर हवाई दलाच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक गेले. हा आकडा सगळ्या प्रकारच्या मिग विमानांचा आहे. ३९ सामान्य नागरिकही त्यात होते. त्यानंतरही अपघात थांबले नाहीत. मे २०२३मध्ये राजस्थानात हनुमानगढजवळ मिग-२१ एका घरावर कोसळलं. वैमानिक वाचला, गावातल्या तीन बायका गेल्या. ज्यांनी आयुष्यात विमानाला हात लावला नव्हता, अशा.

पण ‘शवपेटी’ हा शब्द एक मोठी सोय करून देतो. तो सगळा दोष लोखंडावर टाकतो. जरा पुढे वाचा. मिग-२१ उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे असतं. लहान त्रिकोणी पंख, समोरचं नीट दिसत नाही. अशा विमानावर जायच्या आधी नव्या वैमानिकाला मधली पायरी हवी, म्हणजे वेगवान प्रशिक्षण विमान. १९८२ साली ला फाँटेन समितीनं असं विमान घ्या म्हणून सांगितलं. ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ साली. ती बिदरला दाखल झाली २००८मध्ये. मधली दोन दशकं वीस-बावीस वर्षांची मुलं संथ ‘किरण’वरून या वेगाकडे जात राहिली. वीस-बावीस. म्हणजे टीवाय किंवा एमच्या वर्गात जेवढे असतात तेवढी.

आणि विमान इतकं म्हातारं होईपर्यंत का उडवलं? कारण त्याची जागा घेणारं वेळेत आलं नाही. तेजसचा प्रकल्प १९८०च्या दशकात सुरू झाला. पहिलं उड्डाण जानेवारी २००१मध्ये, पहिली स्क्वाड्रन २०१६मध्ये. या उशिराची कारणं बरीच आहेत, त्यावर वाद घालता येतो, घालावाही. पण तो वाद तारखा माहीत असल्याशिवाय घालता येत नाही. निरोप समारंभानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा १७ ऑक्टोबर २०२५ला ओझरहून तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. मामा टीव्हीसमोर उभा राहून बघत होता, बसला नाही.

आता सांगा, ‘सलाम’ आणि ‘शवपेटी’ यांतलं कुठलं खरं? दोन्हीत थोडं थोडं. आणि दोन्हीत नसलेलं खूप.

पण हे युद्धाचं खेळणं नाही का?

हा प्रश्न मला माझ्याच मैत्रिणीनं विचारला आणि तो योग्य आहे. क्षेपणास्त्रं लावलेलं विमान शोकेसमध्ये ठेवायचं, त्यावर लायटिंग करायचं, यात माणसं मारायच्या यंत्राचं कौतुक नाही का?

असू शकतं. मॉडेल फक्त चकाचक असेल, तर ते तेच असतं. गव्हर्नर हाऊसवर रॉकेट्स पडली तेव्हा आत माणसं होती. वैमानिकाच्या बाजूनं ती मोहीम फत्ते झाली, हे खरं आणि छताखालच्यांसाठी तो दिवस वेगळा होता, हेही खरं. जर्मनीत तर हा प्रश्न कायद्यापर्यंत जातो. तिथे स्वस्तिकाच्या नाझी चिन्हावर बंधनं आहेत, म्हणून महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या किट्समध्ये ते चिन्ह बऱ्याचदा दिलेलंच नसतं किंवा तुकड्यांत दिलेलं असतं. ते जोडायचं की शेपटी कोरी ठेवायची, हे बनवणाऱ्यानं ठरवायचं. म्हणजे अंगठ्याएवढ्या चिन्हाबद्दलही माणसाला भूमिका घ्यावी लागते.

माझं उत्तर असं, की युद्धाचं कौतुक लांबून होतं. गाण्यात होतं, रीलमध्ये होतं, पार्श्वसंगीत लावलं की फार पटकन होतं. जवळून, हातात पॉलिश पेपर घेऊन, ‘हा डाग तेलाचा, हा धुराचा, इथे माणूस पाय ठेवायचा’ असं करत गेलं की कौतुक जरा कमी होतं आणि माणूस दिसायला लागतो. आत बसणारा, बाहेर शिडी धरणारा, ओझरला नट आवळणारा आणि खाली घरात झोपलेला. मी असं म्हणत नाही, की मॉडेल बनवणारा प्रत्येक जण शहाणा होतो. फक्त पेट्या साठवणारेही आहेत, नुसत्या रिव्हेटवरून भांडणारेही आहेत. पण प्रश्न पडायची शक्यता इथे जास्त आहे, एवढं नक्की.

एक कार्ड

पैशांचं म्हणाल तर किट परदेशातून येतं, स्वस्त नसतं. चौघांनी मिळून एक घ्या. एअरब्रश लागतोच असं नाही, चांगले दोन ब्रश पुरतात. कटर, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरबँड, बाकी घरातच सापडतं. रंग फवारताना खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क. आणि पावसाळ्यात फवारू नका, माझ्यावरून शिका.

विमानच हवं असंही नाही. रणगाडा करा, डेक्कन क्वीनचं इंजिन करा, तुमच्या गावची एसटी करा. पण काहीही केलंत तरी एक अट पाळा. मॉडेलखाली पोस्टकार्डाएवढं एक कार्ड ठेवा. त्यावर पाच ओळी. हा नेमका कुठला प्रकार? नंबर काय? साल कुठलं, ठिकाण कुठलं? तेव्हा काय घडलं? आणि कुणाचं काय गेलं? शेवटची ओळ चुकवू नका. ती लिहिता येत नसेल, तर तो नंबर लावू नका. गॅदरिंगच्या प्रदर्शनात झेंडे आणि घोषणांच्या शेजारी अशी दहा कार्डं ठेवलेली मला बघायची आहेत. लोक थांबून वाचतात की नाही ते आपण बघू.

माझं मिग? काच मी काढली. फेविकॉल होता म्हणून निघाली. आता ती उजवीकडे उघडते आणि डाव्या बाजूला टाचणीच्या तारेची शिडी लावली आहे. शेपटीवरचा नंबर चिकटपट्टीनं उपटून काढला, तिथे रंगाचा टवका उडाला, तो तसाच ठेवलाय.

मामा मागच्या रविवारी घरी आला होता. त्यानं शेपटीकडे बघितलं, काही बोलला नाही. निघताना चपला घालत असताना खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्याच्या बारीक, तिरक्या अक्षरात सात नंबर लिहिले होते. चार नंबरांसमोर साल होतं. तिघांसमोर काही नव्हतं.

‘हे शोध,’ म्हणाला, ‘मग लाव.’